मांडीवरच्या मुलाचं तिकीट

विमानाचं तिकीट हातात पडलं की माणसाला आनंद होतो, अशी जगाची समजूत आहे. आमच्या घरी ते शुक्रवारी रजिस्टर हवाई टपालानं आलं आणि आमची शारदा ते छातीशी धरून चुलीपुढं रडत बसली. बुधवारी दिल्लीहून मेहुण्यांची तार आली होती, 'नाना अत्यवस्थ. शारदाला विमानाने पाठवा. तिकीट टपालाने.' नाना म्हणजे माझे सासरे. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत सांगितली होती. शारदानं पाच वर्षांत बापाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नातू तर त्यांनी पाहिलेलाच नव्हता. परंड्याहून आगगाडीनं दिल्ली गाठायची म्हणजे पोर कडेवर घेऊन तीन दिवस गाड्या बदलायच्या, ते एकट्या बाईला जमणारं नव्हतं. मंगळवारी सकाळी हैद्राबादहून निघणारं विमान त्याच दिवशी दिल्लीला पोचणार होतं.

पाकिटात दोन तिकिटं होती. एक शारदाचं, आणि दुसरं 'मास्टर श्रीकांत, मांडीवरचं मूल' याचं. माझं नव्हतं. मेहुण्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपणांस कचेरीतून रजा मिळणार नाही असे गृहीत धरले आहे.' परंड्याच्या कचेरीत मी सतरा वर्षं कारकुनी करतो आहे. माझ्यावाचून सरकारचं अडतं असं मला स्वतःला वाटतं, पण ते दुसऱ्यानं परस्पर गृहीत धरावं हे मला रुचलं नाही. मी हैद्राबादपर्यंत पोचवायला जायचं ठरवलं आणि चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी मान वर न करता ती मंजूर केली, हेही मला फारसं रुचलं नाही.

तिकिटांबरोबर नियमांचं एक इंग्रजी पत्रक होतं. ते वाचून दाखवायला शेजारचे वसंतराव आले. वसंतराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. विमान त्यांनी एकदाच पाहिलं होतं, पोलिस ॲक्शनच्या वेळी, कडब्याच्या गंजीआडून. तेवढ्या अनुभवावर ते विमानाविषयी अधिकारानं बोलत.

"दोन वर्षांखालच्या मुलाला दहावा हिस्सा भाडं," त्यांनी चष्मा सावरला. "बसायचं आईच्या न्हायतर बापाच्या मांडीवर. मूल अंगानं थोराड दिसलं तर वयाचा दाखला दाखवायचा. वर चढताना कान दुखतात, तेव्हा त्याला काहीतरी चोखायला द्यायचं. आणि हे बघा, लहान मुलं असणारांना विमानात सगळ्यांच्या आधी चढवतात."

"आधी का हो?" शारदानं विचारलं.

वसंतरावांनी बराच विचार केला. "मोकळं विमान वजन पेलतं का न्हाय, ते बघत असतील आधी," ते म्हणाले. मग चहा पिऊन ते घरी गेले. 

आता आमचं मूल. त्याला तेविसावा महिना संपत आला होता, पण दिसायला तो साडेतीन वर्षांचा दिसे. शेजारच्या सकिनाबीच्या म्हशीच्या दुधाचा तो प्रताप होता. तो चालला की घरातली भांडी वाजत. असं पोर मांडीवरचं म्हणून कुणी मानणार नाही, तेव्हा दाखला घेणं आलं. दाखला म्हटलं की मला हुरूप येतो. आयुष्यभर मी लोकांना दाखले आणायला पाठवलं आहे, एकदा आपणही जाऊन आणू म्हटलं.

शनिवारी सकाळी मी जन्ममृत्यूच्या नोंदीच्या टेबलाशी गेलो. टेबलापाठीमागं हणमंतप्पा. आम्ही एकमेकांना 'आप्पा' आणि 'रावसाहेब' म्हणतो. त्यांनी एकोणसाठ सालची वही काढली. वहीवर छापलेलं 'हैद्राबाद राज्य' खोडून वर 'मुंबई राज्य' लिहिलेलं, आणि तेही खोडून 'महाराष्ट्र' लिहिलेलं. आमचा तालुका जागचा न हलता तीन राज्यांत फिरून आला, त्याची ही खूण. आप्पांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि बोट एका ओळीवर थांबवलं.

"चौदा मार्च. मुलगा," ते म्हणाले. "बापाचं नाव शेख गफार. धंदा सायकल दुकान."

मी म्हणालो, "आप्पा, तो माझा मुलगा आहे."

"मला ठाव हाय की, रावसाहेब. लई गोड पोरगं हाय. पर वहीत तुमचं न्हाय."

इथं थोडं मागं जायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायचा. आम्हाला आधी दोन मुलं झाली. मुलगी अकरा दिवस राहिली, मुलगा चार महिने. त्यांच्याविषयी मी जास्त लिहिणार नाही, लिहायला घेतलं तर ही गोष्ट पुढं सरकायची नाही. तिसऱ्या वेळी कोंडाबाई सुईणीनं सगळा कारभार हाती घेतला. ती स्वतः लहानपणी आईबापांनी कोंडा देऊन विकत घेतलेली, म्हणून कोंडाबाई. पोर जन्मलं तसं तिनं ते सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणं सकिनाबी, म्हणजे गफारची बायको, तिथून जात होती, तिला ते 'सापडलं.' मग शारदानं पायलीभर ज्वारीचा कोंडा देऊन ते सकिनाबीकडून विकत घेतलं. पोराचं नाव केरबा. का, तर पाचवीला सटवाई नशीब लिहायला आली की हे शारदाचं पोर नाही, असं तिला वाटावं. पाच वर्षं पुरी होईपर्यंत आमच्या घरात कुणी त्याला 'माझा' म्हणायचं नाही. शारदा त्याला अंगावर पाजत होती आणि 'सकिनाबीचा केरबा' म्हणत होती. दिल्लीला नानांनी पत्रातून ठेवलेलं श्रीकांत हे नाव फक्त दिल्लीतच चालत होतं.

मी सुधारलेला माणूस आहे. या सगळ्याला मी मनसोक्त हसत असे, कचेरीत रंगवून सांगत असे. नोंद घ्यायला शिपाई दारात आला तेव्हा कोंडाबाईनंच 'पोर गफारच्या घरचं' असं ठोकून दिलं, आणि ते वहीत बसलं. अडाणी बाई, तिला काय बोलायचं!

"दुरुस्ती करा," मी आप्पांना म्हणालो.

"करूया की. तुमचा अर्ज, प्रतिज्ञालेख, दोन साक्षीदार, गफारचा जबाब. मग उस्मानाबादला जाईल, चौकशीअंती परत येईल."

"किती दिवसांत?"

"ते मी कसं सांगू? ते तुमच्याच टेबलावरून जातंय की, रावसाहेब."

हे खरं होतं. माझ्या टेबलावर अशी अकरा प्रकरणं पडलेली होती. त्यांत ईट गावच्या एका म्हाताऱ्याचं प्रकरण होतं. त्याचं नाव चुकून मयतांत पडलं होतं, आणि तो आठ महिने दर सोमवारी येऊन आपण जिवंत आहोत असं मला सांगत होता. मी त्याला ते लेखी आणायला सांगितलं होतं. मी आप्पांकडून जसा होता तसा दाखला घेतला आणि घरी आलो.

सायंकाळी आमच्या ओसरीवर बैठक बसली. वसंतराव म्हणाले, कागद जे म्हणतो त्याच्या विरुद्ध जाऊ नये, त्याच्याच बाजूनं जावं. वहीत गफार बाप आहे ना? मग गफारनं लिहून द्यावं की माझा मुलगा या बाईंबरोबर दिल्लीला पाठवतो आहे, माझी हरकत नाही. मला ही युक्ती इतकी आवडली की ती आपल्याला आधी सुचली नाही याचं वाईट वाटलं. गफार तयारच होता.

"तुम्ही लिवा, म्या सही करतो," तो म्हणाला.

मी टाक घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी शेख गफार, राहणार परंडा, लिहून देतो की, माझा मुलगा श्रीकांत...'

"थांबा," गफार म्हणाला. "माझ्या पोराचं नाव श्रीकांत?"

"तिकिटावर तसं आहे."

"जमातीतली लोकं काय म्हणतील, अंबादासराव?"

"ते दिल्लीला कुणी विचारणार नाही."

तो मान हलवत सही करून उठला. सकिनाबी इतका वेळ दारात पदर तोंडाला लावून हसत होती. हसू ओसरल्यावर ती शारदाजवळ आली.

"कागदावर काय लिवायचं ते लिवा, भाभी. पर तोंडातून काढू नगा. पाच वर्सं पुरी होऊ द्या. तुमची दोन लेकरं पुरताना म्या बघितल्यात."

शारदानं मान हलवली. मी नेहमीप्रमाणं हसलो. त्या दिवशी माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.

रविवारी आम्ही निघालो. कुर्डुवाडीची एसटी वाटेत दोनदा बंद पडली, पण एसटी बंद पडणं ही गोष्ट लिहिण्यासारखी नाही. आगगाडीत केरबानं समोरच्या बाईच्या ट्रंकेवर उलटी केली. वाडी जंक्शनला गाडी बदलताना खाऊची पिशवी गेली, तिच्यात वर चढताना चोखायला घेतलेली खडीसाखर होती. शारदा सगळा प्रवासभर एकच प्रश्न विचारत होती, "नाना असतील ना हो?" आणि मी दर वेळी "असतील, असतील" म्हणत होतो. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर माझा मलाच राग यायला लागला, कारण ते मला कुठून ठाऊक असणार!

मंगळवारी सकाळी आम्ही विमानतळावर पोचलो. पहिल्यांदा सामान तोललं. मग तिथला हमाल शारदाला म्हणाला, बच्चे कू लेके काटे पे चढो. शारदा दोन पावलं मागं सरली. मूल तोलणं म्हणजे दृष्ट लागायला बोलावणं धाडणं. शेवटी तिनं डोळ्यांतलं काजळ बोटावर घेऊन त्याच्या तळपायाला लावलं, डोळे मिटले आणि काट्यावर चढली. काटा बराच हलला. हमालानं केरबाकडं पाहिलं आणि कागदावर आकडा लिहिला.

तिकिटाच्या टेबलामागं पांढऱ्या शर्टातला एक तरुण बाबू होता. माझी उर्दू निजामाच्या अमदानीतली, पुष्कळ दिवस पेटीत पडलेली. ती वापरायला मिळाली म्हणून त्या परिस्थितीतही मला बरं वाटलं. त्यानं केरबाकडं पाहून दाखला मागितला, मी दिला. वर गफारचं पत्रही दिलं, न मागता. न मागितलेला कागद देऊ नये, हे मी स्वतः लोकांना शिकवत आलो आहे.

बाबूनं दोन्ही वाचलं, पुन्हा वाचलं. "तो ये बच्चा बाईसाब का नईं?"

"सब कागज में लिखा है, जनाब," मी ऐटीत म्हणालो.

"फिर मुश्किल है. गोद का टिकट माँ-बाप के साथ इच मिलता. पराए बच्चे कू अलग सीट होना. आज जहाज फुल है."

मी टेबलावर वाकलो. "जनाब, ये बच्चा मेरा है."

बाबूनं दाखला बघितला, पत्र बघितलं, मला बघितलं. "ये खत कौन लिखा?"

"मैंने."

"आपके बच्चे का बाप गफार है, ऐसा आप लिखे?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. सतरा वर्षं मी लोकांना टेबलाच्या अलीकडून प्रश्न विचारले, पलीकडं उभं राहिल्यावर माणूस कसा दिसतो ते मला तिथं समजलं. मी उकिरडा, सूप, कोंडा सगळं सांगितलं. उकिरड्याला उर्दूत काय म्हणतात ते आठवेना, तर हातानं दाखवलं. बाबू भला माणूस होता. त्याच्या आजीनंही त्याच्या एका चुलत्याला असंच कुणाच्या तरी ओटीत टाकलं होतं, म्हणे.

"ऐसा करो," तो म्हणाला. "एक लाइन लिख के देव. मराठी में लिखे तो बी चलता. बच्चा मेरा है, मैं इसका बाप हूँ. नीचे दस्तखत. मैं बैठा देतूं."

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला आणि पेन दिलं. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, दिल्लीचे प्रवासी, लहान मुलं असणारांनी पहिल्यांदा यावं. काचेच्या दारापलीकडं विमान उभं होतं, शिडी लागलेली.

मी लिहिलं, 'मी अंबादास, लिहून देतो की, हा मुलगा.' आणि माझा हात थांबला.

कोंडाबाईनं शिपायाला सांगितलं असं मी वर लिहिलं आहे. ते खरं नाही. ती आत शारदापाशी होती. शिपाई अंगणात आला तेव्हा तिथं मीच उभा होतो. त्यानं वही उघडून विचारलं, "कुणाचं पोर म्हणून लिवू?" आणि मी सुधारलेला माणूस, सरकारी नोकर, मी म्हणालो, "गफारचं." हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं सगळ्यांना हसत होतो, आणि रात्री पोराचा श्वास चालू आहे का ते नाकापुढं बोट धरून बघत होतो.

"लिखो ना, जनाब," बाबू म्हणाला.

मला पुढचा शब्द लिहिता येईना. मी पेनची निब बघितली, झटकली, उगाच शाईला दोष दिला. शारदा माझ्या हाताकडं बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. कर्ण्यात पुन्हा तेच सांगितलं.

तिनं केरबाला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हातानं माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. वाकून, ओठ हलवत, तिनं माझ्या अर्ध्या ओळीखाली लिहिलं, 'हा मुलगा माझा आहे. शारदा.' आणि लिहून भागलं असतं, तरी बाबूकडं बघून ती मोठ्यानं म्हणाली, "माझा आहे तो. मी आई आहे त्याची."

बाबूनं तिकिटावर शिक्का मारला.

सगळ्या प्रवाशांच्या आधी ती एकटी दारातून बाहेर गेली. मी कठड्यापाशी उभा राहिलो. शिडी चढताना तिचे दोन्ही हात पोराभोवती होते, त्यामुळं तिला हात हलवता आला नाही, असं मी धरून चालतो. केरबा मागं बघून हात हलवत होता, पण तो कुणालाही बघून हलवतो. विमान गेल्यावर बाबूनं मला गफारचं पत्र परत दिलं. परतीच्या गाडीत मी ते पुष्कळ वेळा वाचलं. अक्षर छान आलं होतं.

ती वेळेवर पोचली. नाना आणखी दोन दिवस होते. मेहुण्यांचं पत्र आलं, नातवाला त्यांनी खाटेवर शेजारी घेतलं, 'श्रीकांत, श्रीकांत' अशा हाका मारल्या, त्यानं त्यांच्या मिशा ओढल्या. गुरुवारी पहाटे ते गेले. पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं. सासऱ्यांचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर पोरगं बरं आहे ही ओळ मी आधी शोधली. पुढचे पंधरा दिवस पोस्टमन गल्लीत दिसला की मी वाट बदलून दुसऱ्या गल्लीनं जाई. करमेना म्हणून कचेरीत मी ईटच्या म्हाताऱ्याचं प्रकरण काढलं आणि एका दिवसात सगळं हातावेगळं केलं. आदेश घेऊन शिपाई ईटला गेला आणि परत आला. म्हातारा आठवड्यापूर्वी वारला होता. वहीतली नोंद आता बरोबर होती.

तेरावा करून शारदा आली. स्टँडवर मी, वसंतराव, गफार आणि सकिनाबी. केरबा एसटीतून उतरला तो अनवाणीच सकिनाबीकडं धावला.

"श्रीकांत, आधी चपला घाल," शारदा म्हणाली.

भर स्टँडात. सकिनाबीनं पोराला उचलायला पुढं केलेले हात तसेच राहिले. गफार सायकलच्या चाकाकडं बघायला लागला. शारदा वाळली होती, डोळे खोल गेले होते. ती कुणावर रागावलेली नव्हती. तिनं वाकून पोराला चपला घातल्या, आणि आम्ही घरी आलो.  

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोराचं अंग किंचित कोमट लागलं. "प्रवासाचा शीण असेल," शारदा म्हणाली. "असेल, असेल," मी म्हणालो. मग ती देवापुढं दिवा लावायला गेली तशी मी मागच्या खोलीतल्या डब्यातला ज्वारीचा कोंडा पिशवीत भरला, पिशवी कचेरीच्या कोटात दडवली आणि परसातून सकिनाबीच्या दाराशी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. तिनं माझ्या फुगलेल्या कोटाकडं पाहिलं, आतून माप आणलं आणि कोंडा मोजला.

"मागल्या टायमाला पायलीभर होता," ती म्हणाली. "हे कमी हाय."

"राहिलेला उद्या आणतो."

"उद्या न्हाय, भाईजी. असला सौदा उधारीवर व्हत न्हाय. आत्ता आणा."

मी माप घेऊन परत आलो. मागच्या खोलीत डब्याचं झाकण उघडंच होतं, आणि डब्यापाशी शारदा बसली होती. मी दारातच थांबलो. प्रवासाचं, सर्दीचं, म्हशीला घालायच्या कोंड्याचं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

तिनं माझ्या हातातलं माप घेतलं, शिगोशीग भरलं, माझ्या पिशवीत ओतलं. मग उठून माझ्या कोटाची बटणं लावून दिली, बाहेरून दिसू नये म्हणून.